नाना, त्या दिवशी तुम्ही कुठं होता?

नाना, शेवटी शाल पांघरलीच आम्ही तुम्हाला. तुम्हाला म्हणजे तुमच्या फोटोला. परवा आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची शोकसभा होती आणि घरात तुमचा धड एक फोटो सापडेना. शेवटी काकूंनी पेन्शनच्या फायलीतून हयातीच्या दाखल्याचा फोटो काढून दिला. माणूस जिवंत आहे हे सरकारला पटवण्यासाठी काढलेला फोटो आम्ही हार घालण्यासाठी मोठा करून आणला. शाल काचेवरून दोनदा घसरली. तिसऱ्यांदा मी चिमटा लावत होते तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "नाना अजून नकोच म्हणतायत," आणि सगळी सभा हसली. मीही हसले. मग मला रडू आवरेना, म्हणून प्रास्ताविक दुसऱ्याला करावं लागलं. पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, पण परवा मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

हे सगळं तुम्हाला सांगायला हवं, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. दोन वर्षांपूर्वी, तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी, तुम्ही मला भर सभेत तोंडघशी पाडलंत. त्याचं कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी विचारायचं कधी सोडलं नाही. आज सकाळी ते मला कळलं. पण ते शेवटी सांगते. कागद वाचायचा तो पहिल्या ओळीपासून, मध्येच उडी मारायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

तर पहिली ओळ. मी निवृत्त होऊन गारखेड्यात राहायला आले तेव्हा सकाळी फिरून येताना रोज तुमच्या ओसरीवर खेड्यातली माणसं दिसायची. कुणी पैठणकडचं, कुणी खुलताबादकडचं, पहिल्या एसटीनं आलेली. प्रत्येकाजवळ प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत जपून गुंडाळलेले पिवळे कागद. मध्ये तुम्ही, नाकावर चष्मा, हातात भिंग, आणि माणसं तुमच्या तोंडाकडं बघत बसलेली. मला वाटलं, हा गृहस्थ कुंडल्या बघतो. भोळ्या माणसांना ग्रहांची भीती घालणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. एक दिवस फाटक उघडून सरळ आत आले आणि म्हणाले, "ह्या लोकांना फसवताना तुम्हाला काही वाटत नाही का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बसा बाई. तुमचा नंबर पाचवा."

आणि मी बसले. का बसले ते आजही सांगता येणार नाही. चौथा नंबर खुलताबादकडच्या एका शेतकऱ्याचा होता. तुम्ही त्याचा कागद मांडीवर घेतलात, तळहातानं त्याच्या सुरकुत्या काढल्यात आणि वाचायला लागलात. उर्दू आधी, मग तेच मराठीत. मध्येच त्याच्या आजोबांचं नाव आलं. तो माणूस झटकन उठून उभा राहिला, जणू म्हातारा समोरून चालत आला. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि कागद संपेपर्यंत उभाच राहिला. माझा पाचवा नंबर आला तेव्हा मी म्हणाले, "मला काही नकोय, चुकलं माझं." तुम्ही म्हणालात, "चहा तर घ्या. काकूंनी तुमचा धरूनच टाकलाय."

ते कागद निजामाच्या अमदानीतले होते. जमिनीची खरेदी, भावाभावांच्या वाटण्या, विहिरीतले हिस्से, सगळं उर्दूत, तेही कारकुनांच्या घाईच्या अक्षरात, जिथं नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, द्यायलाही कुणाला सवड नसायची. ज्यांनी ते लिहून घेतले ते गेले, ज्यांना वाचता येत होतं तेही एकेक करून गेले, आणि नातवंडांच्या हातात मुके कागद उरले. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधून तुम्ही निवृत्त झालात आणि दुसऱ्याच दिवशी ओसरीवर सतरंजी घातलीत. सकाळी आठ ते अकरा, कुणाकडून चहाचीही अपेक्षा नाही. ती सतरंजी पंचवीस वर्षं रोज पसरली गेली. लोक आयुष्यभर नोकरी करून थकतात. तुमचं खरं काम नोकरी संपल्यावर सुरू झालं.

तुमच्या पद्धतीही काय एकेक होत्या. आधी पाणी, मग आजोबांचं नाव आणि गाव, मग कागद. कागद पुरता वाचायचा, वरच्या मायन्यापासून खालच्या साक्षीदारांपर्यंत. एकदा शहरात नोकरीला लागलेला एक मुलगा घड्याळाकडं बघत म्हणाला, "काका, बाकीचं राहू द्या, माझ्या हिश्श्याचं तेवढं सांगा." तुम्ही कागद खाली ठेवलात. "बेटा, कुणाच्या घरी गेलास तर आधी राम राम करतोस का सरळ चुलीपाशी जाऊन बसतोस? बस. तसल्लीनं ऐक." तो बसला आणि शेवटी पाया पडून गेला. कुणी कागदाला लॅमिनेशन करून आणलं की मात्र तुमचा पारा चढायचा. त्या एका बाबतीत तुम्ही खुलताबादच्या सत्तारमास्तरांनाही सोडलं नाहीत. ते तुमचे उर्दूतले गुरुबंधू, अक्षर अडलं की तुम्ही त्यांनाच फोन लावायचा, पण त्यांनी घरचा एक जुना कागद प्लास्टिकात घातला म्हणून महिनाभर तुम्ही त्यांची टर उडवत होता.

मंडळात मी कार्यवाह झाले आणि तुमच्या मागं लागले. आपल्या मंडळात सत्कार व्हायचे ते वयाचे. पंचाहत्तर झाली, घ्या शाल. ऐंशी झाली, घ्या नारळ. तुम्ही म्हणायचा, "बाई, ऐंशी वर्षं जगलो यात माझं काय कर्तृत्व? शाल डॉक्टरला द्या." मी म्हणायचे, वयासाठी नको, कामासाठी घ्या. ज्या माणसामुळं शेकडो घरांना आपले आजे-पणजे पुन्हा भेटले, त्याचं नाव एकदा तरी माइकवरून घेतलं गेलं पाहिजे. तुम्हाला एक्याऐंशी पूर्ण होणार होती. हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिले म्हणून घरोघर सहस्रचंद्रदर्शन करतात, ते आम्ही मंडळातर्फे करायचं ठरवलं. आणि नवल म्हणजे तुम्ही तयार झालात. "फक्त शाल हलकी आणा," म्हणालात, "उन्हाळा आहे." काळी शेरवानी पेटीतून काढून इस्त्रीला दिलीत. काकूंनी मला गुपचूप सांगितलं की तुम्ही आरशासमोर भाषणही म्हणून बघताय.

सकाळी दहाचा कार्यक्रम. हॉल भरला. तुमच्या ओसरीवर कधीकाळी बसलेली माणसं गावोगावहून आली होती, कुणी शेंगांची पिशवी घेऊन, कुणी घरचे आंबे. दहा वाजले, साडेदहा वाजले. काकू एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, "यांना महत्त्वाचं काम निघालं, ते गेले." कुठं? तर माहीत नाही. मी माइकसमोर उभी राहून दीडशे माणसांना काय सांगितलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. "नानांना चंद्र बघायची इतकी घाई की दिवसाच निघाले," असं काहीतरी बोलले. लोक हसले, जेवले, गेले. मी घरी येऊन शाल कपाटात भिरकावली.

आठ दिवस मी तुमच्या गल्लीतून गेले नाही. नवव्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या दारात. हातात पाटी आणि पेन्सिल. मला वाटलं माफी मागणार. तुम्ही म्हणालात, "बाई, उद्यापासून तुम्ही उर्दू शिकायची. सात वाजता या, लोक यायच्या आधी." मी म्हणाले, "त्या दिवशी कुठं होता ते आधी सांगा." तुम्ही म्हणालात, "काम होतं." मी म्हणाले, "मी पासष्ट वर्षांची आहे नाना, आता काय अलिफ बे गिरवू?" मग तुम्ही पायरीवर बसलात आणि ती गोष्ट सांगितलीत. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तुम्ही सतरा वर्षांचे होता. सगळं शिक्षण उर्दूत, वर्गात पहिला नंबर, आणि हळूहळू कचेरीची भाषाच बदलली. मराठी बोलता यायची, पण लिहायला हात वळेना. धाकट्या बहिणीच्या शेजारी बसून तुम्ही मराठी मुळाक्षरं गिरवलीत. "मी दोनदा बिगरीत बसलो बाई," तुम्ही म्हणालात, "तुम्हाला दुसऱ्यांदा बसायला कसली लाज?" मी पाटी हातात घेतली. राग मात्र होता, तो मी तसाच ठेवून शिकायला आले.

शिक्षक म्हणून तुम्ही फार वाईट होता, हे आता सांगायला हरकत नाही. चुकलं की "वा, वा" म्हणायचा आणि बरोबर आलं की गप्प बसायचा. सहा महिने खऱ्या कागदाला हात लावू दिला नाहीत. पहिल्यांदा एका कागदावर मी "मौजे पाचोड" हे दोन शब्द आपले आपण वाचले आणि अंगणात नाचायचं तेवढं बाकी राहिलं. तुम्ही घड्याळ बघितलंत. "छान. आता फक्त बाकीचा कागद उरला." काकू आतून हसत होत्या. त्या दोन वर्षांत मी जितकी हसले तितकी नोकरीच्या पस्तीस वर्षांत हसले नाही, आणि हे तुमच्या तोंडावर एकदा तरी म्हणायला हवं होतं. राहिलं.

एकाच गोष्टीवर तुम्ही कडक होता. मी गणिताची, दोन बाजू माहीत असल्या की तिसरी काढायची माझी सवय. वाळवीनं खाल्लेली जागा आली की मी मागचंपुढचं बघून सांगून टाकायची, इथं अमुक शब्द असणार. तुमचा चेहरा एकदम बदलायचा. "असणार म्हणजे? दिसतंय का?" दिसत नाही म्हटलं की म्हणायचा, "मग नाही दिसत म्हणा. तेवढंच म्हणा." मी वाद घालायची. लोक इतक्या लांबून येतात, त्यांना काहीतरी सांगायला नको का? दहातल्या नऊ वेळा अंदाज बरोबरच निघतो. तुम्ही म्हणायचा, "दहावा माणूस तुमच्या घरी येऊन राहणार आहे का?" आणि भिंग पुसत बसायचा. इतके गोडबोले तुम्ही, पण ह्या एका गोष्टीवर असे का खवळता ते मला समजायचं नाही.

मग तो दिवस आला. दोन कागद वाचून झाले होते, तिसऱ्याला पाणी दिलंत, खुर्चीत मागं टेकलात आणि झालं. तिसरा माणूस पैठणकडचा होता. तो कागद पिशवीत तसाच ठेवून तुमच्याबरोबर शेवटपर्यंत आला.

काल तुमचं तेरावं झालं. काकूंनी मला विचारलं, "फाटकावरचा बोर्ड उतरवायचा का गं?" 'जुने उर्दू कागद वाचून मिळतील' हा बोर्ड मीच रंगवला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू दे." घरी आल्यावर हिशेब मांडला. तुमची साठ वर्षं आणि माझी दोन. माझ्याकडून झालं नाही तर ओसरी बंद, आणि त्या सगळ्या पिशव्या पुन्हा मुक्या. तुम्ही गेल्याचं दुःख एकीकडं आणि ही धास्ती एकीकडं. खरं सांगते, काल धास्तीच जास्त होती.

आज सकाळी आठला मी सतरंजी घातली आणि तुमच्या खुर्चीत न बसता खाली बसले. एकच बाई आल्या होत्या. पाचोडजवळच्या वाडीवरच्या शेवंताबाई, साठीच्या, नऊवारी, कपाळ मोकळं. मी पाणी दिलं, तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठावं हाये. म्हनूनच आले. म्या त्यायला लई बोलले व्हते एकदा. ते इसरत नाय मला."

मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा आणि चुलत दीर एक वाटणीपत्र घेऊन तुमच्याकडं आले होते. विहिरीच्या ओळीपाशी कागद वाळवीनं खाल्लेला. तुम्ही मागचंपुढचं बघितलंत आणि सांगितलंत, विहीर थोरल्या घराची. तुमचा शब्द म्हणजे गावात दगडावरची रेघ. शेवंताबाईंच्या घराची पाण्याची पाळी बंद झाली. "नऊ वर्सं कोरडवाहू केलं. मालक त्यातच गेले. दीर समोरून गेला तरी बोलायचं नाय," त्या म्हणाल्या. आणि मग पैठणला दिलेल्या त्यांच्या आतेसासूबाई वारल्या, त्यांच्या पेटीत त्याच वाटणीपत्राची दुसरी प्रत निघाली, सगळी शाबूत. घरातल्या कुणाला उर्दू येत नव्हतं, म्हणून त्यांचा मुलगा ती सहज वाचून घ्यायला तुमच्याकडं घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी, एका उन्हाळ्याच्या सकाळी.

"लग्नाला आल्यावानी आल्ते बघा," शेवंताबाई म्हणाल्या. "काळी शेरवानी, कडक इस्त्री. येष्टीतून उतरून वाडीपोतर उन्हात चालत आले. थोरल्या घरच्यायला बोलावलं, आमाला बोलावलं, गावातली चार मान्सं बोलावली आन् इहिरीच्या काठावर बसले. म्हनले, इहीर दोघांची हाये. मला दिसत नव्हतं तरी म्या वाचलं. चूक माझी हाये, तुमची कुनाची नाय. दीर म्हनला, आता कशाला उकरता जुनं? तर म्हनले, उकरत नाय, बराबर वाचून दाखवतो. आन् सगळं वाचलं. सुरवातीपासनं."

मी काकूंकडं बघितलं. काकू दारात उभ्या होत्या. "तुला सांगू नको म्हणाले होते," त्या म्हणाल्या. नाना, मी दीडशे माणसांसमोर तुमच्यावर विनोद करत होते तेव्हा तुम्ही विहिरीच्या काठावर बसला होता. मला का सांगितलं नाहीत हेही कळलं. मी तुमचा मोठेपणा म्हणून तेही माइकवरून सांगितलं असतं आणि टाळ्या घेतल्या असत्या. तुम्ही मला पुरेपूर ओळखून होता. मी मात्र दोन वर्षं राग धरून बसले, ह्याबद्दल मला माफ करा. एवढं एक तुम्ही असताना म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

"म्या तोंडाला यील ते बोलले," शेवंताबाई सांगत होत्या. "नऊ वर्सांचं सगळं. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यायनी. मंग म्हनले, बाई, भूक लागलीय. भाकर अन् ठेचा दिला. खाल्ला. जाताना दीर येष्टीपोतर सोडायला गेला. त्याच आठवड्यात आमाला पाळी मिळाली." एवढं बोलून त्यांनी पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "हा माझ्या माहेरचा. तुमाला येतं का वाचता?"

मी त्यांच्या आजोबांचं नाव विचारलं. कागद मांडीवर घेतला, तळहातानं सुरकुत्या काढल्या. मायना वाचला, गाव वाचलं, आजोबांचं नाव आलं तेव्हा शेवंताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. एका अक्षराला अडले, सत्तारमास्तरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं आणि वर "नाना असते तर आत्ता हसले असते" असंही सांगितलं. पुढं सरळ वाचत गेले. शेवटी वाट्याची गोष्ट आली आणि नेमक्या त्या दोन ओळी पाण्यानं धुऊन गेलेल्या. शाई नुसती पसरलेली. अलीकडचं दिसत होतं, पलीकडचं दिसत होतं. मध्ये काय असणार ते मला कळत होतं, नाना. अगदी जिभेवर होतं. शेवंताबाई पुढं वाकून माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"इथं दोन ओळी गेल्यात," मी म्हणाले. "मला दिसत नाहीत."

"आंदाजानं?"

"नाही. दिसत नाहीत एवढंच."

शेवंताबाईंनी कागद घेतला, घडी घातली, पुन्हा पदराला गाठ मारली. मग पायात चपला घालता घालता म्हणाल्या, "घरी पेटीत अजून चार कागद हायेत. म्हनलं आधी एक दाखवून बघावा. मंगळवारी घिऊन येते."